नऊशे ऐंशी

साल सत्त्याण्णव. तारीखसुद्धा सांगता येते, कारण ती गर्गेबाईंनी स्वतःच्या हाताने लाल शाईत घातली होती: अठ्ठावीस जानेवारी, मंगळवार. त्या वर्षी संक्रांत उलटली तरी नाशिकची थंडी हटायला तयार नव्हती. एफ.वाय.च्या पोरापोरींनी प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि आत स्पिरिट, गंजकं लोखंड आणि वीस अंगांवरचे स्वेटर यांचा कोंदट वास साठला होता. गर्गेबाई टेबलामागे बसून जर्नलांवर सह्या करत होत्या. वाचत नव्हत्या. एकोणीस वर्षं पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवल्यावर जर्नल वाचायची गरज उरत नाही. शेवटच्या ओळीकडे बघायचं, तिथे नऊशे अठ्ठ्याहत्तर ते नऊशे ब्याऐंशीच्या मध्ये एखादा आकडा बसलेला असतो, सही ठोकायची आणि पुढचं जर्नल ओढायचं. साध्या लंबकाचा प्रयोग होता तो. लोखंडी स्टँड, चिरलेलं बूच, बुचात अडकवलेला दोरा आणि दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा. गोळ्याच्या वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं, सूत्रात घालायचं आणि पृथ्वी केवढ्या जोराने ओढते ते काढायचं. ती नऊशे ऐंशीने ओढते हे पोरांना बारावीपासून पाठ. त्यामुळे मोजायच्या भानगडीत कोणी पडायचंच नाही. आधी उत्तर लिहायचं, मग उलटं गणित करून वेळ काढायचा, तो जरासा इकडेतिकडे हलवायचा म्हणजे खरा वाटतो, आणि तक्त्यात भरायचा. याला पोरं ‘रीडिंग सेट करणं’ म्हणत. हे बाईंना माहीत होतं, विभागप्रमुखांना माहीत होतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही माहीत होतं, कारण त्यांच्या कॉलेजातही हेच चालायचं. पितळी गोळे बिचारे नुसते लटकत असत.

तेरा नंबरच्या जर्नलपाशी पेन अडखळलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एक हजार अडतीस.

“भोये!”

मंजुळा भोये टेबलापाशी येऊन उभी राहिली. सुरगाण्याकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली पोर.

“हे काय आहे?”

“उत्तर, मॅडम.”

“उत्तर आहे ते दिसतंय मला. एक हजार अडतीस? का गं, तुमच्या सुरगाण्याला वेगळी पृथ्वी आहे का?”

अख्खी बॅच हसली. मागून कोणीतरी “डोंगरावरची असेल, मॅडम” म्हणालं आणि हशा पुन्हा उसळला. मंजुळा हसली नाही, रडवेलीही झाली नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं अशा समजुतीने ती म्हणाली, “नाय मॅडम, गावाला नाय मोजलं. हितंच मोजलं, त्या खिडकीपाशी.”

बाईंनी लाल शाईत ‘रिपीट’ लिहिलं, तारीख घातली आणि जर्नल तिच्याकडे सरकवलं. चौदावं जर्नल ओढलं. त्यावर सही करताना पेन पुन्हा अडखळलं. मुलीच्या उत्तराने नव्हे. आपल्या तोंडून बाहेर पडलेलं ते वाक्य आपलं नव्हतं, हे त्यांना एकदम कळलं होतं.

ते वाक्य त्यांच्या सरांचं होतं. साल अडुसष्ट. गर्गेबाई तेव्हा कुमारी दीक्षित होत्या, दोन वेण्या, नऊवारीतल्या आजीने बजावून दिलेली छत्री, आणि चाळीस मुलांच्या वर्गात चार मुली. तेव्हाचं नाशिक सायकलींचं आणि टांग्यांचं होतं. कॉलेजकडे जाताना दोन्हीकडे पेरूच्या बागा लागत आणि पाटाच्या पाण्याचा गार वास येई. त्या रस्त्याने जाताना कुमारी दीक्षितांना वाटे की आपण जगातलं काहीतरी खरं शोधून काढायला निघालो आहोत. त्यांनी लंबक खरोखर मोजला होता. जीव मुठीत धरून, पुन्हा पुन्हा. उत्तर आलं एक हजार बारा. सर म्हणाले होते, “कुमारी दीक्षित, आपण दुसऱ्या पृथ्वीवर राहता की काय?” चाळीस मुलं हसली आणि तीन मुलींनी माना खाली घातल्या. कुमारी दीक्षितांनी त्या दिवशी कागद झिरझिरीत होईपर्यंत खोडरबर चालवलं, वर नऊशे ऐंशी लिहिलं आणि सरांनी शेरा दिला, ‘उत्तम’. त्या ‘उत्तम’वर पुढचं सगळं उभं राहिलं. पहिला वर्ग, पुण्याची एम.एस्सी., ही नोकरी, हे टेबल, हे लाल पेन. त्या सरांचा त्यांनी मनापासून तिरस्कार केला होता. आणि आज एकोणतीस वर्षांनी त्यांचं वाक्य, हेलासकट, आपल्या तोंडात तयार होतं. दुसऱ्याची कवळी आपल्या हिरड्यांना बरोबर बसावी तसं.

तशा गर्गेबाई सगळ्यांचाच तिरस्कार करत. त्यांना त्यात कष्ट पडत नसत. एफ.वाय.चा वर्ग म्हणजे त्यांच्या लेखी स्टेशनावरची वेटिंग रूम होती. मेडिकलची गाडी चुकलेले, इंजिनिअरिंगचं तिकीट न मिळालेले आणि कुठे जायचंच नाही असे लोक तिथे येऊन बसत आणि वेळ जाईना म्हणून न्यूटन ऐकत. पाठ्यपुस्तक तीन प्राध्यापकांनी मिळून लिहिलेलं होतं आणि तिघांनीही ते वाचलेलं नसावं अशी त्यांची खात्री होती. विभागप्रमुख निकम सर देवळ्याचे. स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडी क्वांटम कमी आणि कांदा जास्त. उन्हाळी कांद्याच्या रोपांवर करपा पडला की त्या आठवड्यात टी.वाय.चं लेक्चर होत नसे. गर्गेबाई चहाचा कप बशीत ठेवताना सुद्धा असा आवाज करत की निकम सरांनी कांद्याचं बोलणं थांबवावं. ते थांबवत नसत. आणि दर जूनमध्ये पहिल्या तासाला बाई नव्या बॅचसमोर उभ्या राहून एक भाषण करत: “इथे जे दिसेल तेच लिहायचं. पुस्तकातलं उत्तर माझ्या तोंडावर फेकायचं नाही. खोटं रीडिंग मला दुरून कळतं.” पोरं माना डोलवत आणि त्याच संध्याकाळी वरच्या वर्गातल्या कोणाचं तरी जुनं जर्नल शोधायला निघत. बाईंना ते ठाऊक असे. भाषण पोरांसाठी नसेच. ते म्हटल्यावर पुढचं वर्षभर सह्या ठोकताना आपण निकम सरांहून निराळ्या आहोत असं वाटायची सोय होई.

एकोणीस वर्षांत त्या भाषणावर विश्वास ठेवणारी एकच मुलगी निघाली आणि तिला त्यांनी रिपीट दिलं होतं.

बुधवारी मंजुळाने पुन्हा मोजलं. एक हजार छत्तीस. शुक्रवारी पुन्हा. एक हजार एकोणचाळीस. शेजारच्या टेबलावरच्या दिशा नावाच्या मुलीने तिला समजावलं, “अगं वेडे, चाळीस पूर्णांक एक लिही ना वेळ. झालं नऊशे ऐंशी. मॅडमला काय करायचंय?”

“मॅडमला कळतं,” मंजुळा म्हणाली. “मॅडमनी सांगितलंय.”

हे बाईंनी ऐकलं. त्या कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ऐकून मान वळवावी असं वाटलं नाही. उलट एक बारीकशी चीड आली. इतकं भाबडं असायचा काय अधिकार आहे माणसाला? आश्रमशाळेतून आलेली ही पोर पहिल्या बाकावर बसायची आणि जे जे ऐकेल ते वहीत उतरवायची. हिला लंबक जमत नाही याचा अर्थ हिला फिजिक्स जमत नाही, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. असं ठरवलं की बरं वाटतं. दोष पोरीच्या डोक्यात गेला की टेबलावर काही उरत नाही.

पंधरा फेब्रुवारी ही जर्नल पुरी करून प्रमाणपत्रावर सही घ्यायची शेवटची तारीख होती. सही नाही तर परीक्षा नाही. मंजुळाची गोष्ट त्याहून पुढची होती. तिचं वर्ष गेलं की वसतिगृहातली खाट जाणार होती, आणि खाट गेली की ती सुरगाण्याला परतणार होती, तिथे घरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. हे निकम सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं.

“गर्गे मॅडम, त्या भोयेचं काय धरून बसलात? द्या ना सही.”

“उत्तर हजारच्या वर आलंय, सर.”

“येऊ द्या की. पृथ्वी काय पळून चाललीय? तिला म्हणा, नऊशे ऐंशी लिही अन् मोकळी हो.”

“मी सांगू तिला? खोटं लिही म्हणून?”

निकम सर हसले. मोठं, मोकळं, ओट्यावर बसलेल्या माणसाचं हसू. “मॅडम, एकोणीस वर्षं तुम्ही कशावर सह्या केल्या ते मला ठाऊक आहे, अन् मी कशावर केल्या ते तुम्हाला. आपल्यात काय लपलंय आता?”

बाईंनी चहाचा कप बशीत आपटला. पण त्या दिवशी लुनावरून घरी येताना संपूर्ण गंगापूर रोडभर त्यांच्या कानात ते ‘आपल्यात’ वाजत राहिलं. आपल्यात. म्हणजे त्या आणि हा कांदेवाला.

रात्रीच्या जेवणाला त्यांच्या यजमानांनी नेहमीप्रमाणे सातपूरचं काहीतरी सांगायला घेतलं. ते तिथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते आणि बाईंच्या मते त्यांच्या कामाइतकं निर्बुद्ध काम जगात दुसरं नव्हतं. दिवसभर लोखंडाचे तुकडे माप तपासायच्या गेजमध्ये घालून बघायचे. “आज एक अख्खा लॉट परत आला,” ते भाकरी मोडत म्हणाले. “पोरं कामगारांना शिव्या देत बसली. मी म्हटलं, आधी गेज तपासा रे. तर गेजच झिजलेलं. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं ते, चिकटपट्टी लावायची तारखेची. यांनी नुसती चिकटपट्टी बदलली होती.” मग त्यांनी आमटी मागितली. बाईंनी ती वाढली. वाढताना पळी वाटीच्या काठावर आपटली, आणि त्यांना आठवलं की मंजुळाच्या तिन्ही वेळच्या तक्त्यात वर कोपऱ्यात एकच आकडा लिहिलेला होता. घड्याळ क्रमांक चार.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी साडेसातलाच प्रयोगशाळेत पोचल्या. धोंडीराम फरशी पुसत होता. लॅबचा शिपाई, मखमलाबादकडचा, घरी झेंडू-शेवंतीचं शेत, कानात कायम एक फूल खोवलेलं. बाईंनी कपाटातून चार नंबरचं स्टॉपवॉच काढलं, मनगटावरचं एच.एम.टी. टेबलावर ठेवलं आणि दोन्हींकडे बघत बसल्या. पाच मिनिटं. एवढी साधी गोष्ट. एच.एम.टी.ची पाच मिनिटं झाली तेव्हा चार नंबर साडेआठ सेकंद मागे होतं. एवढ्या मागे चालणाऱ्या घड्याळावर नऊशे ऐंशीचं किती दिसेल, याचं त्यांनी कागदावर गणित मांडलं. एक हजार अडतीस. मुलीने पृथ्वी बरोबर मोजली होती, अगदी कोणाला जमणार नाही इतक्या नेमकेपणाने. घड्याळ हळू चालत होतं.

“ते मागंच चालतं, बाई,” धोंडीराम फडकं पिळत म्हणाला.

“कधीपासून?”

“लय वर्षं झाली. पडलं व्हतं एकदा. म्हणून तर मी परीक्षेला ते काढतच नाय.”

“आणि बोलला नाहीस?”

“कोणी विचारलंच नाय.” त्याने फडकं झटकलं. “अन् पोरं त्यात बघतात कुठं? नुसती टिकटिक करून ठेवतात. मला वाटलं, चालतंय.”

बाई स्टुलावर बसून राहिल्या. लय वर्षं. त्या घड्याळावर किती बॅचेस झाल्या असतील, आणि प्रत्येकीच्या जर्नलात नऊशे ऐंशी, आणि प्रत्येक नऊशे ऐंशीखाली त्यांची लफ्फेदार सही. एकाने जरी मोजलं असतं तरी घड्याळ सापडलं असतं. त्यांनी स्वतः तरी कधी मोजलं होतं? अडुसष्ट सालानंतर त्यांनी लंबकाला हात लावला नव्हता. शिकवत होत्या. मग एक वेडा विचार आला की आपल्याही वेळी घड्याळच मागे चालत असेल. त्या विचाराने समाधान वाटायला हवं होतं. पण तसं असेल तर ज्या ‘उत्तम’वर त्या उभ्या होत्या ते आणखीच पोकळ ठरत होतं. काय करायला हवं ते स्पष्ट होतं. वर्गात उभं राहून म्हणायचं: भोये बरोबर होती, घड्याळ चुकीचं होतं, ज्यांनी ज्यांनी या घड्याळावर नऊशे ऐंशी काढलं ते सगळे खोटे, आणि त्यावर सही करणारी मीही. एवढंच. चार वाक्यं. त्यांनी ती मनात म्हणून पाहिली. तिसऱ्या वाक्यापर्यंत त्या छान पोचल्या. चौथ्या वाक्याला त्यांना निकम सरांचं हसू ऐकू आलं.

दुपारी मंजुळा आली तेव्हा बाईंनी तिच्या हातात दोन नंबरचं घड्याळ दिलं. “हे घे. परत कर.”

मुलीने केलं. ओठ मिटून, आंदोलनं मनात मोजत, मान गोळ्याबरोबर हलू न देता. बाई पहिल्यांदाच कोणाला तरी मोजताना बघत होत्या. बघवत नव्हतं. नऊशे सत्त्याहत्तर आलं. मुलीने उत्तर दोनदा तपासलं आणि जर्नल आणून ठेवलं. बाईंनी सही केली.

“मॅडम.”

“आता काय?”

“आधी माझं काय चुकत व्हतं?”

विचारायचा सूर साधा होता. तक्रार नव्हती त्यात. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, जसं कुमारी दीक्षितांना एकेकाळी जाणून घ्यायचं होतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. धोंडीराम कपाट पुसता पुसता थांबला. बॅचमधल्या दोघातिघांनी मान वर केली. एवढ्यात दारातून निकम सर डोकावले, हातात कोणाची तरी लग्नपत्रिका घेऊन, आणि “झाली का हो सही?” म्हणाले.

“तुझा हात,” बाई म्हणाल्या. “हात स्थिर नव्हता. बटण उशिरा दाबत होतीस.”

मंजुळाने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. पालथा, मग उताणा. मग “हो मॅडम” म्हणून ती जागेवर गेली. बाईंनी चार नंबरचं घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली फिरवली. त्यांना वाटलं, धोंडीराम आता काही बोलेल. तो काच पुसत राहिला.

जूनमध्ये मंजुळाने एस.वाय.ला फिजिक्स सोडून बॉटनी घेतलं. यादीत तिचं नाव नाही हे बघून गर्गेबाईंना जे वाटलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. अपराध तर वाटलाच. पण त्याच्या तळाशी एक मान मिळाल्यासारखंही होतं. आपल्या एका वाक्याने एका मुलीचं आयुष्य वळलं. आपण तेवढ्या मोठ्या होतो. पुढे कितीतरी वर्षं त्या हे दुःख जपून वापरत राहिल्या. स्टाफरूममध्ये सगळे फिदीफिदी हसत असले की त्या खिडकीबाहेर बघत आणि मनात म्हणत, तुम्हाला काय कळणार, माझ्या छातीवर काय आहे ते. त्या पापानेसुद्धा त्या इतरांहून वेगळ्या झाल्या होत्या.

त्या वर्षातली माणसं पुढे जिकडे तिकडे गेली. धोंडीराम दोन हजार एकमध्ये निवृत्त झाला आणि घरची फुलं घेऊन पंचवटीत बसू लागला. बाई तिकडे गेल्या की तो जबरदस्तीने चार शेवंत्या जास्त घालायचा आणि कधीच काही बोलायचा नाही. निकम सर प्राचार्य झाले, चांगले प्राचार्य झाले असं सगळे म्हणतात, आणि आता देवळ्याला कांद्यांत सुखी आहेत. बाईंचे यजमान कारखाना बंद पडल्यावर चार वर्षं घरी बसले आणि मग गेले. त्यांच्या कपाटात बाईंना एक जुनं गेज सापडलं, ते त्यांनी भंगारात दिलं.

मंजुळा भेटली ती दोन हजार चारच्या डिसेंबरात, पेठला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला बाईंना परीक्षक म्हणून नेलं होतं आणि थर्माकोलचे ज्वालामुखी बघून बघून त्यांचं डोकं उठलं होतं. मंजुळा तिथल्या आश्रमशाळेत शिक्षिका होती. अंगाने भरलेली, गळ्यात शिट्टी, मागे तीस पोरांची रांग. तिने वाकून नमस्कार केला, चहा मागवला. बाईंनी तिला बाजूला घेतलं. आठ वर्षांत मनात म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं ते वाक्य त्यांनी अखेर बोलून टाकलं.

“मंजुळा, ते घड्याळ मागे चालत होतं. तुझा हात चुकत नव्हता.”

“माहीत हाय, मॅडम,” मंजुळा म्हणाली. “धोंडीरामदादांनी त्याच दिवशी सांगितलं, जिन्यात.”

“मग मला विचारलं नाहीस?”

“सही झालेली ना.”

“आणि तू फिजिक्स सोडलंस. माझ्यामुळेच ना गं?”

मंजुळाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती हसली, अगदी मायेने. “नाय हो मॅडम! एस.वाय.चं फिजिक्सचं प्रॅक्टिकल बारा वाजता असायचं. वसतिगृहातलं जेवणही बारालाच. बॉटनीचं सकाळी उरकायचं.”

“माझा राग नाही आला तुला?”

“राग कशाला?” तिने विचार केला. रांगेतल्या एका मुलीला तिने हातानेच गप्प केलं. “उलट हलकं वाटलं. मला वाटायचं, तुम्ही लय वेगळ्या असाल. निघालात आपल्यातल्याच.”

चहा आला. तो दोघींनी उभ्याउभ्याच प्यायला. मग मंजुळाची मुलं तिला ओढून घेऊन गेली. ती आजही तिकडेच आहे, मुख्याध्यापिका झाली असं ऐकलं, दोन मुलगे आहेत, आणि थोरला नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. गर्गेबाई दोन हजार दहाला निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांच्या तत्त्वनिष्ठेबद्दल तिघांनी भाषणं केली. त्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि शाल अंगावर आल्यावर त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, पहिल्या रांगेत बसलेल्या निकम सरांना जरा जास्तच वाकून.